भोकांच्या पेटीतली बंदूक

"या वेळी बंदूक अशी नेऊ, मोठीआई, की बंदुकीलासुद्धा कळायचं न्हाय ती घराबाहेर पडली," असं दिपेश म्हणाला, तेव्हाच ठमाबाईंनी ओळखायला हवं होतं. चाळीस वर्षांत त्या बंदुकीनं त्यांना कधी त्रास दिला नव्हता. त्रास दिला तो नेहमी बंदुकीची काळजी घेणाऱ्या माणसांनी.

बंदूक तरी कसली, एकनळी. कनकेश्वराच्या डोंगरातून रानडुकरं उतरून वालाची आणि रताळ्यांची नासाडी करत, म्हणून ठमाबाईंच्या नवऱ्यानं, दिनानाथ घरतांनी, शेतसंरक्षणाचा परवाना काढून ती घेतली होती. सबंध हयातीत त्यांनी ती अकरा वेळा उडवली. डुक्कर एकही मेलं नाही. एकदा शेजाऱ्याचा नारळ पडला, तो त्यांनी दुसऱ्या दिवशी नेऊन दिला. दिनानाथांचा नेम वाईट होता, पण डुकरांना ते ठाऊक नव्हतं, त्यामुळे काम भागत होतं.

दिनानाथ गेले आणि परवाना आपल्या नावावर करायला ठमाबाईंना तीन वर्षं लागली. तहसील झालं, पोलीस ठाणं झालं, कलेक्टर कचेरीचे जिने झाले. "आजी, तुम्ही बंदूक चालवणार?" असं एका साहेबानं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "घर चालवते, शेती चालवते, पाच दिरांचं भांडण चालवते. ही तर लोखंडाची हाय, उलटून बोलत पन न्हाय." साहेबानं सही केली. रेशनकार्डावर ठमाबाई कुणाची तरी बायको होत्या. सातबाऱ्यावर पाच दिरांच्या खाली शेवटच्या ओळीत होत्या. पण परवान्याच्या पुस्तकात पहिल्या पानावर, फोटोशेजारी, स्वच्छ अक्षरांत लिहिलेलं होतं: परवानाधारक, ठमाबाई दिनानाथ घरत. सणासुदीला त्या ते पुस्तक उघडून बघत आणि परत खणाच्या पिशवीत ठेवून देत.

निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची, हा नेम जुना. दिनानाथ ती सायकलच्या दांडीला बांधून नेत. गोणपाटात गुंडाळायची, वर गवताची पेंडी टाकायची, झालं. वाटेत चहाला थांबत, तेव्हा बंदूक भिंतीला टेकलेल्या छत्र्यांत उभी राही. एका पावसाळ्यात ते उठताना छत्री घेऊन निघाले आणि बंदूक विसरली. चहावाला मागं धावत आला, "दिनूशेठ, तुमची दुसरी छत्री राहिली." कुणी काही बोललं नाही, कुणी फोटो काढला नाही. माणसं साधी होती आणि बंदूकही.

दिपेश मात्र साधा नव्हता. धाकट्या दिराचा मुलगा. उरणच्या बंदरात त्याचे दोन ट्रेलर चालत, दारात पांढरी मोठी गाडी होती आणि मोबाइलवर जगातले सगळे व्हिडिओ त्याने पाहिले होते. सदा पोलीस पाटील नोटीस घेऊन आला, शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत बंदूक जमा नाही झाली तर परवाना रद्द करण्याचा प्रस्ताव जाईल, असं त्यानं वाचून दाखवलं, आणि दिपेशच्या अंगात आलं.

"गोणपाटाचा जमाना गेला, मोठीआई. गाडीतून हत्यार न्यायचं म्हणजे पद्धत असते. बंदूक रिकामी पायजे, काडतुसं वेगळी पायजेत, आन बंदूक कुलपात पायजे. उद्या गाडी कोणी फोडली तर जबाबदार कोण? तू."

यात चूक काहीच नव्हतं, हीच ठमाबाईंची अडचण होती. चुकीचं बोलणाऱ्या पोराला गप्प करता येतं.

चार दिवसांत त्यानं वेल्डरकडून पेटी करून आणली. साडेचार फूट लांब, जाड पत्र्याची, गाडीच्या मागच्या बाजूला तळाशी बोल्टांनी आवळलेली. दोन्ही अंगांना बोटभर भोकांच्या रांगा.

"भोकं कशाला?"

"हवा खेळायला. आपल्या खाऱ्या हवेत बंद पेटीत लोखंड गंजतं."

"आन कुलूप कुठं हाय?"

इथं दिपेश थोडा थांबला, नवरा मुलगा मंगलाष्टकांआधी थांबतो तसा. "कुलूप अंगठ्याचं. परवाना तुझ्या नावावर, म्हणून अंगठा पन तुझाच घातलाय. मी सुद्धा उघडू शकत न्हाय. झाकण पडलं की आपोआप बंद."

ठमाबाईंनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. साठ वर्षं भाताची लावणी, तांदळाच्या भाकऱ्या आणि मासळीची खवलं यांनी त्या अंगठ्यावरच्या रेषा केव्हाच पुसून नेल्या होत्या. रेशनच्या दुकानातलं यंत्र दर महिन्याला त्यांना ओळख दाखवत नसे. या कुलपानं शुक्रवारी सत्ताविसाव्या खेपेला हिरवा दिवा दाखवला, तेव्हा दिपेशनं टाळी वाजवली.

"आन न्हाय उघडली तर?"

"चावी हाय की. एकदम जपून ठेवलीय."

शनिवारी दुपारी अंगठा आठव्या खेपेला लागला. ठमाबाईंनी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली बंदूक स्वतःच्या हातानं पेटीत निजवली. दिपेश म्हणाला, परवाना पण तिच्यासोबतच ठेव, म्हणजे विसरायला नको. खणाची पिशवी शेजारी ठेवली. चार काडतुसं, वयानं दिपेशपेक्षा मोठी, बिस्किटाच्या डब्यातून पुढच्या कप्प्यात गेली. मग ठमाबाई चष्मा आणायला घरात गेल्या आणि दिपेश चार्जर आणायला. परत आले तर झाकण बंद, तांबडा दिवा लागलेला. ठमाबाईंना वाटलं दिपेशनं लावलं. दिपेशला वाटलं मोठीआईनं लावलं. दोघांनी एकमेकांचं मनात कौतुक केलं आणि गाडी निघाली.

किहीम मागं पडलं तसा पेटीतून आवाज आला. खर्र.

"काय वाजलं?"

"नवीन हाय ना. बोल्ट बसतायत."

थोड्या वेळानं पुन्हा. खर्र, खर्र, टक. चहाला उशीर झाला की दिनानाथ अगदी असंच घसा खरवडत आणि कप आपटत. ठमाबाईंनी मागं वळून न बघता मनातल्या मनात म्हटलं, निघालोय ना, जरा दम धरा.

थळच्या फाट्यावर निवडणुकीचं पथक उभं होतं. एक साहेब, एरवी शेतकी खात्यातला, सहा दिवस उन्हात उभा राहून चेहऱ्यानं करपलेला. शेजारी एक शिपाई आणि एक कॅमेरावाला.

"मागे पेटीत काय?"

"बंदूक," दिपेश अभिमानानं म्हणाला.

साहेबाच्या करपलेल्या चेहऱ्यावर सहा दिवसांत पहिल्यांदा तेज आलं. कॅमेरावाला पुढं सरकला.

"परवाना?"

"पेटीत."

"पेटी उघडा."

ठमाबाई उतरल्या, अंगठा ठेवला. तांबडा. पुसून ठेवला. तांबडा. दिपेशनं त्यांचा हात धरून, अंगठा आडवा करून, तिरपा करून, जोरानं दाबून पाहिला. सही न करणाऱ्या म्हातारीचा जमिनीच्या कागदावर अंगठा घेतायत, असं ते दृश्य दिसत होतं आणि कॅमेरा ते सगळं टिपत होता.

"चावी नाही का?" साहेब म्हणाला.

"हाय ना," दिपेश म्हणाला आणि पेटीच्या झाकणाकडे बघू लागला.

"कुठं हाय, बाला?" ठमाबाईंनी विचारलं.

"जपून ठेवलीय."

"कुठं?"

"पेटीत. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलीय."

 तेवढ्यात पेटीच बोलली. खर्र, खर्र, टक, खर्र.

शिपाई दोन पावलं मागं गेला. "साहेब, आत जिवंत काहीतरी आहे."

"बंदूक आहे म्हणतायत."

"बंदूक खरवडते का, साहेब?"

साहेबानं विचार केला आणि आपल्या डोक्यावरची जबाबदारी दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचं ठरवलं. "ठाण्यात चला. पेटीला हात लावायचा नाही."

"ठाण्यातच चाललो व्हतो," ठमाबाई म्हणाल्या, पण ते कुणी ऐकलं नाही. पुढं पथकाची गाडी, मधे हे, मागं मोटारसायकलवर शिपाई, अशी वरात थळच्या बाजारातून निघाली. पाच मिनिटांत प्राप्तीचा फोन आला. प्राप्ती म्हणजे दिपेशची बहीण, थळलाच दिलेली.

"मोठीआई, तुला धरली?"

"मना कोन धरतंय. बंदूक जमा करायला चाललेय."

"इथं सगळे सांगतात, पेटीभर नोटा घावल्या."

ठमाबाईंनी मागं पाहिलं. शिपायाच्या मागं आणखी चार मोटारसायकली लागल्या होत्या, दोन एका उमेदवाराच्या माणसांच्या, दोन दुसऱ्याच्या. पेटीत समोरच्याचा पैसा आहे अशी दोघांचीही खात्री होती. सायकलवरच्या गवताच्या पेंडीमागं कधी कुणी लागलं नव्हतं. एक बैल लागला होता, तेवढंच.

ठाण्याच्या आवारात पोचायला चार वाजून दहा मिनिटं झाली. उपनिरीक्षक किशोरी मॅडम बाहेर आल्या, तरुण, तडफदार, दुपारचं जेवण अजून व्हायचं असलेल्या. मागोमाग विनेश हवालदार वही घेऊन आला.

"पाचला वही बंद होते, आजी," विनेशनं आधीच सांगून टाकलं. "नंतर आलेली बंदूक मुदतीनंतर आली असं लिहावं लागतं. मग प्रस्ताव."

"मी मुदतीत आलेय. ही बघा, तुमच्यासमोर उभी हाय."

"तुम्ही आलात. बंदूक कुठे आलीय?"

"पेटीत."

"दिसत नाही ना."

ठमाबाईंनी अंगठा ठेवला. तांबडा. चार वीस. मोटारसायकलवाल्यांपैकी कोणीतरी कुंपणाच्या भिंतीवर चढून ओरडलं की पेटीत बॉम्ब आहे, आवाज येतोय. आवारातली माणसं भराभर मागं सरली.

"बॉम्ब टिकटिक करतो," ठमाबाई वैतागून म्हणाल्या. "खरवडत न्हाय."

"तुम्हाला कसं माहीत?" मॅडमनी संशयानं विचारलं.

त्याच वेळी दिपेशचा फोन वाजला. तो फोन गाडीला जोडलेला होता आणि गाडीची दारं सताड उघडी होती, त्यामुळे त्याच्या आईचा, म्हणजे नलूचा आवाज सबंध आवारात घुमला. नलू एरवीही फोनवर, पलीकडचं गाव बिनफोनचं ऐकेल अशाच आवाजात बोलत असे.

"दिपेश, चिंबोऱ्या पोचवल्यास का प्राप्तीला?"

दिपेशनं इकडं तिकडं पाहिलं, गाडीत खेकडा काय, खेकड्याचा पायही दिसत नव्हता. "कसल्या चिंबोऱ्या?"

"अरे, आपल्या खाडीतल्या. पोटुशी हाय पोरगी, काळी चिंबोरी खायची इच्छा झालीय तिला. त्या पेटीत ठेवल्यात. बरी केलीस हो पेटी, बाला. भोकं कशी मापात पाडलीस, एकपन मरायची न्हाय. इतक्या वर्षांत पयल्यांदा कामाची वस्तू केलीस."

"आय, कुठल्या पेटीत?"

"गाडीतल्या. उघडीच व्हती. खाली कायतरी लाकूड फडक्यात गुंडाळून पडलेलं, त्याच्यावर ओलं गोणपाट घातलं आन वर सोडल्या. दोन तांबे पाणी मारलं. झाकण लावलं."

"आय, ते लाकूड न्हाय. बंदूक हाय ती."

 मग नलूचा आवाज आला, आता बराच चिडलेला. "मंग बंदूक कोन ठेवतं चिंबोऱ्यांच्या पेटीत?"

 इथल्या कुठल्याही बाईनं, गाडीत भोकांची पेटी उघडी दिसल्यावर, दुसरं काय केलं असतं? भिंतीवरची माणसं निराश होऊन खाली उतरली.

पण ठमाबाईंचं लक्ष नलूकडे नव्हतं. त्यांच्या कानात एकच गोष्ट राहिली होती: दोन तांबे पाणी. बंदुकीशेजारी खणाची पिशवी होती.

"बाजूला व्हा," त्या म्हणाल्या. रेशनच्या दुकानात शेवटचा उपाय म्हणून त्या जे करत ते त्यांनी केलं. अंगठा पदरानं कोरडा पुसला, मग भांगातून मागंपर्यंत, तेलानं चिकट झालेल्या केसांतून, सावकाश फिरवला आणि कुलपावर असा ठेवला की जणू झोपलेल्या बाळाच्या कपाळावर ठेवतायत. तांबडा. पुन्हा केसांतून. तांबडा. तिसऱ्यांदा हिरवा.

झाकण उघडलं आणि अकरा चिंबोऱ्या स्वतंत्र झाल्या. नलूनं नांग्या सुतळीनं बांधल्या होत्या, पण दीड तासात त्यांनी एकमेकींच्या सुतळ्या कापून काढल्या होत्या. माणसांत अशी एकी दिसत नाही. तीन गाडीखाली गेल्या, दोन पायऱ्या चढून ठाण्यात शिरल्या. दंगलीत उभे राहिलेले दोन शिपाई बाकावर चढले. कॅमेरावाला कॅमेऱ्यासकट टेबलावर गेला. एक चिंबोरी बंदुकीच्या घोड्यापाशी नांगी अडकवून लोंबकळत होती, ती बघून किशोरी मॅडमनी सगळ्यांना खाली बसायचा हुकूम केला.

"रिकामी हाय हो, मॅडम. काडतुसं पुढं हायत," दिपेश गाडीमागून ओरडला. दिवसभरात त्याचं एवढं एकच म्हणणं कामी आलं.

ठमाबाईंनी पदर खोचला. पायानं पाठ दाबायची, मागच्या बाजूनं दोन बोटांत धरायचं, हे त्या सातव्या वर्षी शिकल्या होत्या आणि त्याला अंगठ्यावर रेषा लागत नाहीत. दहा मिनिटांत नऊ चिंबोऱ्या घमेल्यात पडल्या. उरलेल्या दोन ठाण्याच्या हद्दीतच कुठंतरी होत्या.

मग त्यांनी खणाची पिशवी उचलली. ती टपटप गळत होती. आतून परवान्याचं पुस्तक निघालं ते पुस्तक नव्हतंच, भिजलेल्या पोह्यांचा गोळा होता. फोटोत ठमाबाई फक्त अर्ध्या कपाळापुरत्या उरल्या होत्या. पहिलं पान जपून उलगडलं, तर जिथं नाव होतं तिथं नांगीच्या आकाराचं भोक होतं. ठमाबाई ते भोक बघत राहिल्या. त्यातून पलीकडे दिपेश दिसत होता.

"मोठीआई," तो हळूच म्हणाला.

"बोलू नको. आथा तू बोलूच नको."

चार अट्ठेचाळीस. विनेश हवालदारानं मान खाजवली. "परवान्याशिवाय मी बंदूक जमा कशी करू? आणि खरं सांगायचं तर परवाना नाही म्हणजे ही बंदूक बेकायदा होते, आजी."

"बेकायदा?" ठमाबाईंचा आवाज चढला. "तीन वर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. नंबर विचारा. तोंडपाठ हाय." आणि त्यांनी परवान्याचा नंबर, मंजुरीची तारीख, नूतनीकरणाची तारीख आणि बंदुकीच्या नळीवरचा आकडा न अडखळता म्हणून दाखवला, लहानपणी पाढे म्हणत तसा, थोडं डुलत.

मॅडमनी विनेशकडे पाहिलं. विनेशनं कपाटातून मागच्या निवडणुकीची वही काढली. नोंद होती. आकडा न आकडा जुळला. नळी पुसून बघितली, तोही जुळला. चार सत्तावन्नला विनेशनं पावतीवर शिक्का मारला, बंदूक कोठडीशेजारच्या कपाटात गेली आणि ठमाबाई बाकावर बसल्या. आताशी त्यांना आपले पाय दुखतायत हे कळलं.

"परवाना वाचला, आजी," मॅडम म्हणाल्या. "पुस्तक तेवढं नवीन काढा. कलेक्टर ऑफिसला अर्ज द्या."

सोमवारी ठमाबाई अर्ज घेऊन खिडकीपाशी उभ्या होत्या. खिडकीत प्रणाली नावाची मुलगी होती. पोरगी चांगली होती, हेच वाईट झालं.

"दुय्यम प्रत का हवी, आजी? कारण सांगा."

"चिंबोऱ्यांनी फाडला."

प्रणालीनं संगणकाकडे पाहिलं, मग ठमाबाईंकडे, मग परत संगणकाकडे. "कारणांची यादी ठरलेली आहे. हरवला, चोरीस गेला, आग, पूर, उंदीर. चिंबोरी नाही यात."

"मंग हातानं लिहा."

"हातानं लिहायला जागाच नाही."

"दोन तांबे पाणी पन व्हतं. पूर चालंल?"

"पुराला तलाठ्याचा पंचनामा लागतो." प्रणालीनं आवाज खाली आणला. "मी उंदीर टाकते. सगळे तेच टाकतात. पटकन होतं."

ठमाबाईंनी आयुष्यात सरकारी कागदावर खोटं लिहिलं नव्हतं. वयसुद्धा फक्त एकदाच. त्यांनी जरा वेळ विचार केला.

"पयल्या पानावर परवानाधारक म्हणून माझं नाव येतंय ना?"

"येतंय."

"मंग टाक उंदीर."

आठव्या दिवशी सदा पोलीस पाटील ओसरीवर येऊन बसला. हातात कागद होता. पाणी प्यायला, पान खाल्लं, आणि मग म्हणाला, "वयनी, उंदरानं परवाना खाल्ला असं तुम्ही लिहून दिलंय. जागेची पाहणी करून फोटो पाठवायचाय. बीळ नायतर उंदीर, दोनातलं एक."

ठमाबाईंनी घरभर पाहिलं. गेल्याच वर्षी दिपेशनं सबंध घराला लाद्या घालून दिल्या होत्या. बीळ सोडा, मुंगीला शिरायला फट नव्हती. चुलीपाशी तीन मांजरं ताणून पडली होती.

"न्हाय सापडला तर?"

"तर अर्ज खोटा. अर्ज खोटा म्हणजे परत प्रस्ताव. शुक्रवारपर्यंत मुदत हाय."

ठमाबाईंनी तिन्ही मांजरं नलूकडे नेऊन बांधली. मागचं दार जन्मात पहिल्यांदा दिवसाढवळ्या उघडं टाकलं, उंबऱ्यावर सुका बोंबील ठेवला आणि समोर पाट मांडून, दिपेशचा मोबाइल हातात धरून बसल्या. मंगळवारी कुत्रं येऊन बोंबील घेऊन गेलं. बुधवारी कोंबडी आली. गुरुवारी संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमाराला, उंबऱ्यावर एक टोकदार नाक दिसलं, मग मिशा, मग शेपटी. ठमाबाईंनी श्वास रोखून फोटो काढला आणि तशाच सदाच्या घरी गेल्या.

सदानं चष्मा लावून फोटो नीट पाहिला. मग कागदावर छापलेली कारणांची यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

"वयनी," तो म्हणाला, "ही चिचुंद्री हाय."